शुक्रावरचे ‘जोशी’ विवर आणि २०२८ चे रडार

पृथ्वीच्या सर्वात जवळून जाणाऱ्या ग्रहाभोवती सध्या एकही यान काम करत नाही. जपानच्या ‘आकात्सुकी’ या यानाशी एप्रिल २०२४ मध्ये संपर्क तुटला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जपानी अवकाश संस्थेने ती मोहीम संपल्याचे जाहीर केले. शुक्राकडे निघणाऱ्या पुढच्या यानांच्या रांगेत भारताचे नाव वरच्या क्रमांकावर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी शुक्र कक्षायान मोहिमेला मंजुरी दिली. तिच्यासाठी १,२३६ कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यातले ८२४ कोटी प्रत्यक्ष यानासाठी आहेत. उड्डाणासाठी मार्च २०२८ हा महिना ठरला आहे.

या यानावर जी उपकरणे जाणार आहेत, त्यात रडारचे महत्त्व वेगळे आहे. शुक्राचा पृष्ठभाग ढगांच्या अखंड थराखाली झाकलेला असल्याने कक्षेतून जमिनीचा बारकाईने नकाशा काढायचा तर रडारच लागते. या रडारला जमिनीवर जे दिसेल त्यात अशनींच्या आघाताने पडलेली विवरे, म्हणजे प्रचंड आकाराचे वर्तुळाकार खड्डे, असतील. ग्रहाचे वय त्यांच्यावरूनच मोजले जाते आणि शुक्राबद्दलचा सर्वात मोठा वादही त्यांच्याभोवतीच फिरतो. अशाच एका विवराला कोल्हापूरशी नाते असलेल्या एका डॉक्टरचे नाव आहे.

कोल्हापूरची नेमणूक, शुक्रावरचे नाव

डॉ. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांची नेमणूक अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख डॉक्टर म्हणून केली. हे रुग्णालय म्हणजेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, कोल्हापूरकरांचे ‘सीपीआर’. आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस भारतात परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेतच. कोल्हापूरच्या कामावर त्या कधी रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

शुक्रावरच्या ठिकाणांना, दोन-तीन जुने अपवाद सोडले तर, फक्त स्त्रियांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा नियम आहे. २० किलोमीटरपेक्षा मोठ्या विवरांना आपल्या क्षेत्रात ठसा उमटवलेल्या दिवंगत स्त्रियांची नावे मिळतात. त्याहून लहान विवरांना जगभरच्या भाषांतली स्त्रियांची साधी नावे दिली जातात. या नियमानुसार शुक्राच्या विषुववृत्ताच्या थोडे उत्तरेला असलेल्या ३४ किलोमीटर रुंदीच्या विवराचे नाव ‘जोशी’ आहे. आनंदीबाईंचे आडनाव त्या काळी रोमन लिपीत ज्या पद्धतीने लिहिले जाई, तेच स्पेलिंग नकाशावरही आहे.

३४ किलोमीटर म्हणजे किती? पन्हाळ्यापासून हातकणंगल्यापर्यंतचे सरळ रेषेतले अंतर साधारण एवढेच भरते. एवढ्या व्यासाच्या खड्ड्यात जोतिबाचा डोंगर, अख्खे कोल्हापूर शहर आणि शिरोलीची औद्योगिक वसाहत सहज मावेल.

शुक्राच्या नकाशावर हे एकच मराठी नाव नाही. पंडिता रमाबाईंच्या सासरच्या आडनावाने ओळखले जाणारे ‘मेधावी’ विवरही तिथे आहे. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला रमाबाई स्वतः हजर होत्या. ‘झिराद’ हे विवर डॉ. जेरुशा झिराद यांच्या नावाचे आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातल्या या स्त्रीरोगतज्ज्ञ मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. म्हणजे या तीन नावांपैकी दोन नावे मराठी स्त्री-डॉक्टरांची आहेत.

नाव मिळाले म्हणजे जागा नीट पाहून झाली, असे मात्र नाही. जोशी विवराचे जे काही चांगले चित्र उपलब्ध आहे ते १९९० च्या दशकातले आहे आणि त्यातून सर्वात महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तो प्रश्न समजण्यासाठी आधी रडार काय दाखवते आणि काय दाखवत नाही, हे पाहावे लागेल.

पुराचा नकाशा आणि शुक्राचा नकाशा

कोल्हापूरकरांना रडारचित्रांचा अनुभव एका वेगळ्या कारणाने आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने पात्र सोडले, शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग बंद पडला, तेव्हा आकाशात दिवसचे दिवस पावसाळी ढग होते. अशा वेळी उपग्रहावरच्या साध्या कॅमेऱ्याला ढगांचा वरचा भागच दिसतो. पूर कुठवर पसरला आहे याचे नकाशे तयार झाले ते रडार उपग्रहांच्या चित्रांवरून, कारण रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात.

या चित्रांत पाणी काळे दिसते. त्याचा पाण्याच्या रंगाशी काही संबंध नाही. उपग्रह लहरी तिरक्या सोडतो. संथ पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असल्याने लहरी दुसऱ्या बाजूला निघून जातात, परत काहीच येत नाही आणि ती जागा काळी उमटते. खडबडीत जमीन, दगडधोंडे, घरांच्या भिंती लहरींचा काही भाग उलट परत पाठवतात, म्हणून त्या उजळ दिसतात. पुराच्या पाण्यातून वर आलेली पिके किंवा भिंती कधी कधी इतक्या जोरात प्रतिध्वनी देतात की पूर असूनही ती जागा उजळ दिसते. त्यामुळे रडारचे चित्र ‘पाहून’ चालत नाही, ते वाचावे लागते.

शुक्रावर हेच तंत्र अधिक कठीण परिस्थितीत वापरले गेले. तिथे सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांचा थर सुमारे ७० किलोमीटर उंचीपर्यंत आहे. जमिनीवरचे तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या वर आहे आणि हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट. १९८३-८४ मध्ये सोव्हिएत संघाच्या ‘व्हेनेरा-१५’ आणि ‘व्हेनेरा-१६’ यांनी उत्तरेकडच्या भागाचे रडार नकाशे काढले. त्यानंतर आले अमेरिकेचे ‘मॅगेलन’. मे १९८९ मध्ये निघून ऑगस्ट १९९० मध्ये ते शुक्रावर पोहोचले आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये शुक्राच्या वातावरणात नष्ट होण्यापूर्वी त्याने ९८ टक्के पृष्ठभागाची रडारचित्रे पाठवली. खर्च वाचवण्यासाठी त्याला ‘व्हॉयेजर’ मोहिमेतून उरलेली ३.७ मीटरची अँटेना बसवण्यात आली होती.

एवढ्या लहान अँटेनाने बारीक तपशील टिपता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे ‘सिंथेटिक अपर्चर’ पद्धत. यान पुढे सरकत असताना एकाच जागेचे अनेक प्रतिध्वनी वेगवेगळ्या ठिकाणांहून नोंदवले जातात. प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला आणि त्याच्या कंप्रतेत किती फरक पडला, या दोन मोजमापांवरून गणिताने चित्र उभे केले जाते. यानाने कापलेले अंतर जणू एका लांबलचक अँटेनाचे काम करते.

मॅगेलन एका फेरीत साधारण २० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपत असे. म्हणजे ३४ किलोमीटरचे जोशी विवर एका पट्ट्यात मावतच नाही. शेजारशेजारच्या फेऱ्यांतले पट्टे जोडून ते पुरे होते. चित्रातला सर्वात लहान तपशील १०० मीटरच्या आसपासचा. या हिशेबाने रंकाळ्याएवढा तलाव जेमतेम दहा-बारा ठिपके रुंद दिसेल, आणि त्याच्या काठावरचे काहीही वेगळे ओळखू येणार नाही.

वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत शुक्राची जी नारिंगी, तापलेल्या निखाऱ्यासारखी चित्रे छापली जातात, ती बहुतेक मॅगेलनचीच आहेत. त्यांतला नारिंगी रंग नंतर भरलेला आहे. शुक्रावर उतरलेल्या सोव्हिएत यानांनी पाठवलेल्या छायाचित्रांवरून तो निवडण्यात आला. मूळ रडारचित्रात असते फक्त काळे-पांढरे, आणि तेही रंगाचे नव्हे तर खडबडीतपणाचे आणि उताराचे.

अंगण कधी सारवले?

मॅगेलनच्या चित्रांत साऱ्या शुक्रावर मिळून हजारापेक्षा थोडी कमीच विवरे सापडली. चंद्राच्या तुलनेत ही संख्या नगण्य आहे. सर्वात मोठे ‘मीड’ विवर सुमारे २७० किलोमीटर रुंद आहे. लहान टोकाला आकडा दीड-दोन किलोमीटरपाशी थांबतो, त्याहून लहान विवरे जवळपास नाहीतच. कारण शुक्राची दाट हवा. लहान अशनी जमिनीवर पोहोचण्याआधीच हवेत फुटून जातात. काही ठिकाणी विवर नाही, पण जमिनीवर मोठा काळा डाग आहे. तिथे अशनी हवेत फुटला आणि त्याच्या धक्क्याने खालची जमीन भुगा होऊन गुळगुळीत झाली, असा त्याचा अर्थ लावला जातो.

बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर या संदर्भात आठवावे असे आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. म्हणजे लोणार शुक्रावर असते तर तिथल्या सर्वात लहान विवरांत त्याची गणना झाली असती. लोणार ज्या काळ्या बेसॉल्ट खडकात पडले आहे, तोच दख्खनचा खडक कोल्हापूरच्या डोंगरांचाही पाया आहे. शुक्रावरची विस्तीर्ण मैदाने बेसॉल्टसारख्या लाव्हाचीच असावीत, असे तिथे उतरलेल्या यानांच्या मोजमापांवरून दिसते. म्हणून लोणारचा अभ्यास दुसऱ्या ग्रहांच्या विवरांसाठीही उपयोगी पडतो. लोणारचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. जिथे जाऊन हातात खडक घेता येतो तिथे ही स्थिती, मग जिथे खडक आणताच येत नाही तिथे वय कसे काढणार?

तिथे विवरे मोजावी लागतात. समजा, सकाळी अंगण सारवले आणि त्यावर पावसाचे तुरळक थेंब पडू लागले. थेंबांचा वेग ठाऊक असेल तर अंगणातले ठसे मोजून सारवून किती वेळ झाला ते सांगता येते. चंद्रावरून आणलेल्या खडकांमुळे अशनींच्या ‘पावसाचा’ वेग ढोबळपणे ठाऊक आहे. त्यात शुक्राच्या हवेचा अडथळा धरून हिशेब केला की तिथल्या जमिनीचे सरासरी वय साधारण ३० कोटी ते १०० कोटी वर्षांच्या दरम्यान येते. सूर्यमालेचे वय आहे सुमारे ४५६ कोटी वर्षे. याचा अर्थ शुक्राच्या इतिहासाचा फार मोठा भाग जमिनीवरून पुसला गेला आहे.

पुसला गेला, यावर फारसे दुमत नाही. मतभेद आहेत ते कसा पुसला गेला यावर.

एका झटक्यात की कोपऱ्याकोपऱ्याने?

मॅगेलनची चित्रे आल्यावर दोन गोष्टी ठळकपणे समोर आल्या. विवरे साऱ्या ग्रहावर जवळपास कशीही, विखुरलेली आहेत. कुठे फार दाट, कुठे फार विरळ असे नाही. आणि बहुतेक विवरे ताजी, न बिघडलेली दिसतात. लाव्हाने अर्धवट बुजलेली किंवा भेगांनी चिरलेली विवरे थोडीच आढळली. यावरून १९९० च्या दशकात एक धाडसी मत पुढे आले. काही दशकोटी वर्षांपूर्वी शुक्रावर सर्वत्र एकाच वेळी लाव्हा वाहिला, जुनी विवरे बुजली आणि त्यानंतर ज्वालामुखी बऱ्याच अंशी शांत झाले. म्हणजे सारे अंगण एकदाच सारवले, आणि नंतर पडलेले थेंब तसेच राहिले.

दुसरा पक्ष म्हणतो की अंगण कोणी एकदम सारवलेले नाही. आज हा कोपरा, उद्या तो, असे सतत थोडे थोडे सारवण चालू आहे. प्रत्येक वेळी लहान भाग बुजत असेल तर विवरांची एकूण मांडणी विखुरलेलीच दिसेल. या मतानुसार शुक्र आजही जिवंत आहे. त्याची उष्णता एका मोठ्या उद्रेकात नव्हे, तर सावकाश बाहेर पडते आहे.

हा निव्वळ तज्ज्ञांमधला वाद नाही. शुक्राचा व्यास पृथ्वीपेक्षा जेमतेम ६५० किलोमीटरने कमी आहे. दोन्ही ग्रह साधारण सारख्याच सामग्रीतून बनले. एकावर समुद्र आणि जीवसृष्टी टिकली, दुसऱ्याची भट्टी झाली. ज्वालामुखींतून लाव्हाबरोबर कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. तो ग्रहभर थोड्या काळात एकदम बाहेर पडला की अब्जावधी वर्षे हळूहळू पडत राहिला, यावर शुक्राच्या हवामानाची सारी कहाणी अवलंबून आहे. महाराष्ट्राच्या भूमीला अशा उद्रेकाची एक छोटी आवृत्ती ठाऊक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाले. त्या काळात पृथ्वीच्या हवामानावर झालेल्या परिणामांचा अभ्यास अजून चालू आहे. शुक्राच्या बाबतीत प्रश्न साऱ्या ग्रहाचा आहे.

विवराच्या तळाची साक्ष

या वादाचा निकाल विवरांच्या तळाशी दडलेला असू शकतो.

अशनी आदळतो तेव्हा खडकांचा चुरा चारही बाजूंना उडतो. तो खडबडीत असल्याने रडारला उजळ दिसतो, म्हणून विवराभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखा पांढरा घेर उमटतो. ताज्या विवराचा तळही खडबडीत, म्हणजे उजळ असायला हवा. पण शुक्रावरच्या अनेक विवरांचा तळ काळा, म्हणजे गुळगुळीत आहे. सुरुवातीला याकडे फारसे लक्ष गेले नाही. आघातानंतर वितळलेला खडकच तळाशी थिजला असेल, असे मानले जाई.

नंतर काही संशोधकांनी दोन वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली मॅगेलनची चित्रे जोडून, माणसाला दोन डोळ्यांनी खोली कळते त्याच तत्त्वावर, या विवरांची खोली मोजली. काळ्या तळाची विवरे उजळ तळाच्या विवरांपेक्षा उथळ निघाली आणि त्यांची कडाही कमी उंच निघाली. म्हणजे तळ नंतर भरला गेला आहे आणि बाहेरूनही लाव्हाचा थर चढला आहे. वरून ताजी वाटणारी ही विवरे मुळात अर्धवट सारवलेली होती. हा पुरावा ‘कोपऱ्याकोपऱ्याने’ म्हणणाऱ्या पक्षाला बळ देणारा आहे.

मग साऱ्याच विवरांची खोली मोजून वाद का मिटवत नाहीत? कारण मॅगेलनची दोन कोनांतली चित्रे ग्रहाच्या काही भागांचीच आहेत. त्याच्या उंचीमापकाचा जमिनीवर पडणारा ठिपका दहा-वीस किलोमीटर रुंद होता. ३४ किलोमीटरच्या विवरावर असे दोन-तीन ठिपके पडले तर कडा कुठे आणि तळ कुठे, हेच वेगळे करता येत नाही. १९९० च्या दशकातल्या चित्रांत जोशी विवराबाबत अडते ते नेमके इथे.

या विवराची जागाही लक्ष देण्यासारखी आहे. ते ‘बीटा’ आणि ‘फीबी’ या दोन उंच प्रदेशांच्या मधल्या टापूत येते. या टापूत जमीन ताणली जाऊन प्रचंड खचदऱ्या तयार झाल्या आहेत. उत्तरेला बीटा प्रदेशात ‘सॉमरव्हिल’ नावाचे ३७ किलोमीटरचे विवर आहे. स्कॉटिश विज्ञानलेखिका मेरी सॉमरव्हिल यांचे नाव मिळालेल्या या विवराचा एक भाग खचदरीने अक्षरशः तोडून नेला आहे. म्हणजे विवर पडल्यानंतरही तिथली जमीन हलत राहिली. अशा टापूतली विवरे बारकाईने पाहिली तर जमिनीच्या हालचालींचा क्रम लावता येतो.

तीस वर्षांनी सापडलेला बदल

शुक्र आजही जिवंत असल्याचा ठोस पुरावा नव्या यानाने दिला नाही, तो जुन्या चित्रांतून मिळाला. अमेरिकेतले रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्स्ली यांनी मार्च २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. ‘माट मॉन्स’ या ज्वालामुखी पर्वताजवळचे एक मुख फेब्रुवारी १९९१ मध्ये सुमारे २ चौरस किलोमीटरचे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमधल्या चित्रात ते जवळपास दुप्पट झाले होते आणि आकारही बदलला होता. दोन्ही चित्रे वेगळ्या दिशांनी घेतलेली असल्याने हा फरक खरा की पाहण्याच्या कोनाचा भास, हे संगणकावर तपासावे लागले. पुढच्याच वर्षी इटालियन संशोधकांनी मॅगेलनच्याच चित्रांतून आणखी दोन ठिकाणी नवे लाव्हाप्रवाह दाखवून दिले.

एका ज्वालामुखीच्या हालचालीने साऱ्या ग्रहाचा वाद मिटत नाही. एकदा सारवलेल्या अंगणातही नंतर एखादा कोपरा कोणी पुन्हा सारवू शकतो. पण या शोधातून एक गोष्ट स्पष्ट झाली. शुक्रावर खरी माहिती मिळते ती तीच जागा पुन्हा पाहिल्याने. मॅगेलनच्या दोन फेऱ्यांत आठ महिन्यांचे अंतर होते. भारताचे यान वेळेवर पोहोचले तर हे अंतर साडेतीन दशकांहून मोठे असेल.

भारताच्या रडारपुढची निवड

रडारच्या बाबतीत भारत नवखा नाही. २०१२ मध्ये ‘रिसॅट-१’ उपग्रह गेला. २०१९ पासून ‘चांद्रयान-२’ वरचे दोन कंप्रतांचे रडार चंद्राभोवती फिरते आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘निसार’ उपग्रहात एक रडार नासाचे आहे, तर ‘एस बँड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहरींचे दुसरे रडार इस्रोचे. शुक्रासाठीचे भारतीय रडारही याच ‘एस बँड’मधले आहे आणि मॅगेलनही याच पट्ट्यात काम करत होते. ही जमेची बाजू आहे. एकाच प्रकारच्या लहरींनी घेतलेली जुनी आणि नवी चित्रे शेजारी ठेवून तुलना करणे सोपे जाते.

अडचणी मात्र पृथ्वीभोवतालच्या कामापेक्षा निराळ्या आहेत. पहिली कक्षेची. यान आधी लांबट कक्षेत जाईल आणि मग शुक्राच्या विरळ वरच्या हवेत पुन्हा पुन्हा बुडी मारून, हवेच्याच ब्रेकने, कक्षा खाली आणेल. हा प्रयोग शुक्रावर मॅगेलनने १९९३ मध्ये करून दाखवला होता. भारतासाठी तो नवा असेल, आणि रडारची चित्रे किती बारीक येतील हे त्याच्या यशावर अवलंबून राहील.

दुसरी अडचण माहिती पाठवण्याची. रडार प्रचंड माहिती गोळा करते आणि शुक्र पृथ्वीपासून कधी चार कोटी, तर कधी सव्वीस कोटी किलोमीटर दूर असतो. जमवलेले सारे खाली पाठवणे शक्य नसते. त्यामुळे सर्वात बारीक चित्रे निवडक जागांचीच घ्यावी लागतात. युरोपच्या ‘एनव्हिजन’ या मोहिमेचीही योजना अशीच आहे. साऱ्या ग्रहाचा बारीक नकाशा काढण्याचे काम अमेरिकेच्या ‘व्हेरिटास’कडे आहे, पण २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने मांडलेल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात ती मोहीमच रद्द करण्याची शिफारस होती. पैशाचा अंतिम निर्णय तिथे काँग्रेस घेत असली, तरी अशा अनिश्चिततेमुळे भारतीय रडारवरची जबाबदारी वाढते.

म्हणून खरा प्रश्न आहे तो कोणत्या जागा निवडायच्या याचा. ज्वालामुखी आकर्षक असतात. त्यांचे नवे चित्र आले की मथळे होतात. विवरे त्यामानाने नीरस. पण एखाद्या ज्वालामुखीवरून त्या जागेचे आजचे हाल कळतात. साऱ्या ग्रहाचा इतिहास कळायचा तर वेगवेगळ्या टापूंतली, काळ्या आणि उजळ अशा दोन्ही तळांची पुरेशी विवरे दोन कोनांतून टिपावी लागतील, म्हणजे त्यांची खोली मोजता येईल. दहा-वीस देखणी चित्रे मिळूनही ही खोली मिळाली नाही, तर मोहीम यशस्वी ठरेल, पण वाद जिथल्या तिथे राहील.

एवढा पैसा शुक्रावर का, असा सवाल दर मोहिमेच्या वेळी विचारला जातो, आणि तो अस्थानी नाही. पूर दाखवणारे आणि शुक्र दाखवणारे तंत्र एकच आहे, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. पुरासाठी रडार हवे तर ते पृथ्वीभोवतीच पाठवावे. शुक्रावरच्या खर्चाचे समर्थन त्यातून मिळणाऱ्या ज्ञानानेच व्हायला हवे. ते ज्ञान किती जणांच्या हाती जाते, हेही तितकेच महत्त्वाचे. मॅगेलनची माहिती सर्वांसाठी खुली होती म्हणूनच तीस वर्षांनी माट मॉन्सचा बदल सापडला. चांद्रयानाची माहिती इस्रोने आपल्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर खुली केली आहे. शुक्राच्या रडारचित्रांबाबतही तेच, आणि फार उशीर न करता, व्हायला हवे.

असे झाले तर कोल्हापूरसारख्या शहराला या कामात प्रेक्षक म्हणून बसून राहण्याचे कारण नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या रडारने अनेक वर्षे ८० ते १०० किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांची मोजमापे केली आहेत. दख्खनचा बेसॉल्ट तर पायाखालीच आहे. विवरांची नोंद घेणे, तळाचा उजळपणा मोजणे, जुन्या-नव्या चित्रांची तुलना करणे, यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. संगणक, खुली माहिती आणि चिकाटी पुरते. भूगोल, भूगर्भशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हाती मॅगेलनची चित्रे आजही देता येतात. त्यांच्यावर हात बसला तर नवी चित्रे येतील तेव्हा शिकण्यात वेळ जाणार नाही.

शुक्राकडे जाण्याची संधी साधारण १९ महिन्यांनी येते आणि प्रत्येक संधी सारखीच सोयीची नसते. या मोहिमेसाठी इस्रोने शास्त्रज्ञांकडून उपकरणांचे प्रस्ताव मागवले ते २०१७ मध्ये. मधल्या काळात उड्डाणाच्या चर्चेत असलेली वर्षे मागे पडली. आता मार्च २०२८ ची तारीख आहे आणि मंजूर पैसाही आहे. यान पोहोचून रडार सुरू झाले की पहिली चित्रे नक्कीच गाजतील. ती पाहताना वाचकांनी एवढेच विचारावे, की विवरांच्या तळाची उंची मोजली गेली का? बीटा आणि फीबीच्या मधल्या टापूतल्या एका ३४ किलोमीटरच्या विवराचा तळ उथळ निघाला की खोल, या साध्या आकड्यातून शेजारचा ग्रह एकदम विझला की अजून धुमसतो आहे, याचा एक दुवा हाती येईल.